परतवाड्याच्या दुकानातल्या दोन पुड्या: दगडफूल आणि जटामांसी

मागच्या दिवाळीआधी मी अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याच्या एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात किलोभर जटामांसी घ्यायला गेले आणि ५० ग्रॅमची पुडी घेऊन घरी आले. माल दुकानात होता, पैसे माझ्याजवळ होते, दुकानदारानेच जास्त दिली नाही. आठ वर्षं मी इथून मसाल्याचं सामान नेते, पण या दुकानाबद्दल लिहावंसं वाटलं ते त्या दिवसापासून.

आमचं गाव परतवाड्यापासून एसटीने अर्ध्या तासावर, संत्र्याच्या पट्ट्यात. बचत गटात आम्ही बारा बाया. वर्षभर काळा मसाला आणि तिखट करतो, दिवाळीला उटणं आणि डोक्याचं तेल. मसाल्याची खरेदी माझ्याकडे. त्यामुळे दगडफूल माझ्या हाताखालून इतकं गेलं आहे की डोळे मिटून नुसत्या स्पर्शाने जुनं-नवं सांगू शकते. जटामांसीची ओळख तेलामुळे नंतर झाली, आणि ती नीट व्हायला या दुकानात यावं लागलं.

दुकान बाजारपेठेच्या जुन्या भागात आहे. पुढे अरुंद, आत लांब. दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी खण, त्यांवर ऑइलपेंटने लिहिलेली नावं: नागरमोथा, कचोरा, वाळा, गव्हला, बेहडा, मुरुडशेंग. काही अक्षरं पुसली गेली आहेत, तरी काकांचा हात बरोबर त्याच खणावर जातो. काकांचं वय पंचाहत्तरीच्या आसपास असेल. गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसतो, मोबाईलवर पैसे तोच घेतो. काका पुड्या बांधतात. प्लास्टिकची पिशवी इथे नाही, कागद आणि दोरा. पुडीवर काका पेनाने नाव लिहून देतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण घरी गेल्यावर सात पुड्यांत कोणती कोणती हे विसरायला होतं.

तर त्या दिवशी मी जटामांसी किलोभर मागितली. काका खणापाशी गेले, थांबले आणि परत आले.

"कायले पाह्यजे बाई एवढी?"

"तेलाले, काका. पाच लिटरची ऑर्डर आहे. अन् किलोनं स्वस्त पडते, वर्षभर पुरेल."

"वर्षभर ठेवसान तं वास उडून जाईन. मंग नुसत्या काड्या उकळत बससान. पाच लिटरले पन्नास ग्राम लय झाली. संपली का पुन्हा या."

मी म्हटलं, काका, तुमचीच विक्री कमी होते ना. ते म्हणाले, "तिकडं पहाडात रोप मुळासकट उपटल्याबिगर हे भेटत नाही, बाई. दरसाली भाव चढून रायला अन् माल बारीक होऊन रायला. माह्या बापाच्या वेळी बोटाएवढी जाड येत होती." असं म्हणून त्यांनी एका कागदावर जटामांसीचा एक तुकडा ठेवला आणि त्याच्या शेजारी, माझ्याच दुसऱ्या पुडीतून काढून, दगडफुलाचं एक पापुद्र्यासारखं पान. "हे दोघं शेजारी आहेत," ते म्हणाले. "नारायण तेलाच्या पाठात मांसी अन् शैलेय एकामागं एक येतात." शैलेय म्हणजे आपलं दगडफूल. ज्याला मी आयुष्यभर वांग्याच्या रश्शात टाकत आले ते औषधी तेलाच्या पाठात जटामांसीच्या शेजारी बसलेलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

कागदावर दोन्ही सारखीच दिसत होती, म्हणजे झाडून काढलेल्या कचऱ्यासारखी. एक करडं, एक तपकिरी. पण घरी आल्यावर धाकट्या जाऊबाईने भिंग काढलं. ती शाळेत विज्ञान शिकवते. त्या संध्याकाळी पडवीत बसून आम्ही दोघींनी जे पाहिलं ते सांगते, कारण या दोन वस्तू विकत घेणाऱ्या प्रत्येकीला ते उपयोगी पडेल.

आधी दगडफूल. नावात फूल आहे, पण हे फूल नाही. खरं तर ही एक वनस्पतीही नाही. बुरशी आणि शैवाल यांनी एकत्र थाटलेला संसार आहे. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते. शैवाल उन्हावर अन्न तयार करतं. याला मुळं नाहीत, खोड नाही, बी नाही. दगडावर, झाडाच्या सालीवर नुसतं चिकटून राहायचं, आणि हवेतून, पावसातून, धुक्यातून जे मिळेल त्यावर जगायचं. जाऊबाई म्हणाली, हे दोन जीव आहेत असं १८६७ साली सायमन श्वेन्डेनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने सांगितलं तेव्हा त्या वेळच्या मोठमोठ्या जाणकारांनी ते मानलंच नाही. मला त्यांचा राग येत नाही. आठ वर्षं हाताळूनही मी त्याला वाळलेलं फूलच समजत होते.

भिंगाखाली वरची बाजू राखेच्या रंगाची, खालची काळी, कडा कुरळ्या. कडेवर पिठासारखी पूड दिसते. ती मी आजवर धूळ समजून झटकत होते. ती धूळ नाही. त्या पुडीत बुरशी आणि शैवाल दोघांचेही कण असतात, वाऱ्याने ते उडून जाऊन दुसरीकडे नवं दगडफूल उगवतं. मसाल्यासाठी सगळ्यात जास्त वापरतात त्या जातीचं शास्त्रीय नाव पार्मोट्रेमा पर्लाटम. पण बाजारातल्या पुडीत एकच जात क्वचित असते, तीन-चार प्रकार मिसळलेले येतात. माझ्या पुडीतही काही पानं रुंद होती आणि काही हरणाच्या शिंगासारखी फाटे फुटलेली, अरुंद. मी ती निवडून वेगळी भाजून पाहिली. रुंद पानांचा वास जास्त भरीव आला, अरुंदांचा हलका. तेव्हापासून मी काकांना रुंद पानांचाच माल मागते आणि ते खणाच्या तळाशी हात घालून काढून देतात.

आता जटामांसी. हिचं अगदी उलट. हे खरंखुरं फुलझाड आहे, पण विकली जाते केसांच्या नावाने. हिमालयात ३,००० ते ५,००० मीटर उंचीवर, जिथे मोठी झाडं संपतात आणि नुसतं गवत आणि खडक उरतात, तिथे ही उगवते. उत्तराखंड, सिक्कीम, नेपाळ, भूतान. आपलं चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे आणि तिथे डिसेंबरात आपल्याला दोन शाली लागतात. त्याच्या तिप्पट-चौपट उंचीवर, वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली राहणारं रोप. पाहिलं तर वीतभर, फार तर हातभर. बर्फ वितळलं की पानं फुटतात, पावसाळ्यात गुलाबी-जांभळट घंटेसारख्या बारीक फुलांचे गुच्छ येतात, आणि थंडी पडली की वरचं सगळं सुकून जातं. जगतो तो जमिनीतला कंद. दरवर्षीच्या पानांचे सुकलेले देठ त्या कंदाभोवती तंतूंसारखे उरतात, एकावर एक, आणि त्याची जटा होते. आपण विकत घेतो ती ही जटा आणि तिच्या आतला कंद. जाऊबाईने मोबाईलवर फुलाचा फोटो दाखवला तेव्हा मी बराच वेळ पाहत राहिले. माझ्या पुडीतल्या प्रत्येक काडीमागे असं एक फुललेलं रोप होतं, आणि ते आता तिथे नाही.

काकांचं म्हणणं जाऊबाईने तपासून पाहिलं. आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत जटामांसी अतिसंकटग्रस्त आहे, म्हणजे जंगलातून नाहीशी होण्याच्या आधीची पायरी. १९९७ पासून देशाबाहेरच्या व्यापारावर साइट्स या वन्यजीव-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधनही आहे. उत्तराखंडात तिची लागवड करण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण कंद विकण्याजोगा व्हायला वर्षं लागतात. गहू-हरभऱ्याचं गणित इथे चालत नाही.

मग मला वाटलं, दगडफुलाची तरी काळजी नको, ते तर दगडावर फुकट उगवतं. जाऊबाईने हिशोब मांडला. असे जीव वर्षाला फक्त काही मिलिमीटर वाढतात. वर्षाला ३ मिलिमीटर सगळीकडून धरलं तरी तळहाताएवढं पान व्हायला पंधरा वर्षं लागतात. मी एका घाण्याला ५० ग्रॅम भाजत होते. त्या दिवशी मी मसाल्याचं प्रमाण उघडून पुन्हा वजन केलं. १ किलो धन्याला ५० ग्रॅम टाकत होते, ते ३५ वर आणलं आणि भाजण्याची पद्धत बदलली. गटातल्या बायांना चवीत फरक कळला नाही, गिऱ्हाइकांनाही नाही. म्हणजे इतकी वर्षं १५ ग्रॅम मी कढईत नुसते जाळत होते.

भाजण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण दगडफूल चांगलं की वाईट याचा निकाल पुडीत लागत नाही, कढईत लागतो. कच्चं असताना त्याला वास जवळजवळ नसतो, जुन्या लाकडी पेटीचा येतो तेवढाच. म्हणून दुकानात हुंगून पाहण्याचा उपयोग नाही. गरम तेलाला लागलं की मात्र ते जागं होतं. ओल्या रानातल्या पालापाचोळ्याचा, थोडा धुराचा वास येतो, आणि रश्शाला जो काळसर, खोल असा तळ लागतो तो याच्यामुळे. कलमी, लवंग, कर्णफूल यांचा वास वर तरंगतो, दगडफुलाचा खाली बसतो. पण ते कागदासारखं पातळ आहे. खोबरं, धने, तेजपान यांच्याबरोबर एकत्र टाकलं की बाकीचं भाजेस्तोवर हे कोळसा होऊन कडू होतं. सगळं भाजून झाल्यावर, गॅस बंद करून, कढईच्या उरलेल्या उष्णतेत चमचाभर तेलावर अर्धा मिनिट परतायचं. कडा आकसल्या की काढायचं. सावजी रस्सा असो की आपली पाटोडी, हा अर्धा मिनिट चुकला की मसाला चुकला.

जटामांसीचा वास विचारू नका, तो स्वतःच येतो. पुडी उघडली की खोलीभर. पहिल्या पावसाची माती, जुनं तूप, गोठा, आणि त्यामागून एक गोडसर कस्तुरीसारखा सुगंध, सगळं एकदम. सासूबाईंना तो सहन होत नसे. मला पहिल्या दिवशी नाही आवडला, तिसऱ्या दिवशी पुडी उगाच उघडून हुंगत होते. गावातल्या एक निवृत्त सिस्टर आमच्याकडून तेल नेतात. त्यांनी सांगितलं की येशूच्या पायांना मरियेने जे मोलाचं सुगंधी तेल लावलं ते याचंच, आणि त्याची किंमत ३०० दिनार सांगितली आहे, म्हणजे त्या काळच्या मजुराची जवळजवळ वर्षभराची मजुरी. हिमालयातला कंद दोन हजार वर्षांपूर्वी तिथपर्यंत पोचला होता. मग परतवाड्यापर्यंत येणं अवघड नव्हतं.

तेल करण्याची आमची रीत अशी. ५० ग्रॅम जटामांसी झटकून, माती काढून, खलबत्त्यात भरड कुटायची. रात्रभर पाण्यात भिजवायची. सकाळी त्या पाण्यासकट ५ लिटर घाणीच्या तिळाच्या तेलात मंद आचेवर ठेवायची. पाणी आटलं की नाही ते वातीवर पाहायचं: कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवली आणि तडतडली तर पाणी आहे, मुकाट जळली तर झालं. मग मलमलीतून गाळायचं. उग्रपणा उकळताना जातो आणि सौम्य वास उरतो. केस वाढतात असं मी बाटलीवर लिहीत नाही आणि कुणी विचारलं तरी सांगत नाही. रात्री लावलं की डोकं शांत वाटतं, एवढं माझ्यापुरतं खरं आहे.

भेसळीचा अनुभव मला आहे, तो या दुकानातला नाही. दोन वर्षांपूर्वी एका यात्रेत टोपलीतून जटामांसी घेतली, इथल्यापेक्षा अर्ध्या भावात. तंतू सुंदर, लांब, अगदी जटेसारखे. घरी भिजवली तर वासच नाही. तेलाचं साडेतीन लिटर वाया गेलं, म्हणजे वापरलं आम्हीच, पण विकण्याजोगं झालं नाही. गटाच्या बैठकीत तो खर्च मी माझ्या नावावर घेतला. नंतर तो उरलेला तुकडा मी काकांना नेऊन दाखवला. त्यांनी मोडला, हुंगला आणि म्हणाले, "हे भूतकेशी आहे." भूतकेशी हीही हिमालयातलीच दुसरी वनस्पती, तिलाही तंतू असतात, आणि ती जटामांसीच्या नावावर खपवतात. मग त्यांनी खणातला तुकडा मोडून दाखवला. अस्सल जटामांसी चटकन तुटते, आतून तांबूस-तपकिरी दिसते, आणि तुटल्या जागी वास दुप्पट येतो. जिभेला लावली तर कडवट, थोडी झोंबणारी. नुसते तंतू असतील आणि आत कंद नसेल तर घेऊ नका.

तगरीचाही एक घोटाळा आहे. आपल्या अंगणातली पांढऱ्या फुलांची तगर वेगळी आणि काष्ठौषधीच्या दुकानातली तगर वेगळी. दुकानातली तगर जटामांसीची सख्खी नातलग आहे, वासही त्याच घराण्यातला, आणि शास्त्रीय नावातसुद्धा जटामांसी हा शब्द आहे. ती स्वस्त असते. तगर म्हणून मागून घेतली तर काहीच बिघडत नाही. जटामांसी म्हणून दिली तर मात्र फसवणूक आहे. काकांकडे दोघींचे खण वेगळे आहेत आणि मधे तीन खणांचं अंतर आहे. मी मुद्दाम मोजलं.

दगडफुलात अशी नाव बदलून भेसळ मी पाहिली नाही. त्यात कचरा असतो. आणि इथे दुकानाचा दोष सांगायलाच हवा. मागच्या खेपेचं २५० ग्रॅम मी घरी निवडलं तर साल, काड्या आणि खडे मिळून ३१ ग्रॅम निघाले. म्हणजे आठवा हिस्सा. दगडफुलाच्या भावात मी झाडाची साल विकत घेतली. पुढच्या वेळी तो कचरा कागदात बांधून नेला आणि काकांसमोर ठेवला. ते वाद घालत बसले नाहीत. म्हणाले, "येतेच तसं, पण तुम्ही निवडून आणलं तं मले मानावं लागन," आणि मूठभर जास्त टाकलं. हे त्यांचं मोठेपण, पण प्रत्येक गिऱ्हाईक कचरा वजन करून परत नेणार नाही. दुकानातच चाळून द्यायला हवं. दुसरा दोष, पुडीवर नाव असतं, तारीख नसते. माल कधीचा आहे हे काकांना विचारलं तर खरं सांगतात, पण मुलाला माहीत नसतं. दुपारी एक ते चार काका घरी असतात, तेव्हा जाऊ नका. मुलगा प्रामाणिक आहे, फक्त रुंद पानं आणि अरुंद पानं यातला फरक तो पाहत नाही.

भाव: मागच्या दिवाळीत १०० ग्रॅम दगडफूल ९० रुपये, ५० ग्रॅम जटामांसी १३० रुपये. ऑनलाइन दगडफूल याहून स्वस्त मिळतं, पण मी मागवलेल्या पाकिटात अर्धा चुरा होता. चुऱ्याची खालची काळी बाजू पाहता येत नाही, म्हणून चुरा घेऊ नये.

आता आमच्या बागेबद्दल, कारण या खरेदीतून मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट तीच. आमची संत्र्याची झाडं जुनी आहेत. बुंध्यावर करडे-हिरवट चट्टे आहेत आणि घरात सगळे त्याला रोग म्हणत. भिंग घेऊन जाऊबाई आणि मी तिथे गेलो. तेही त्याच कुळातले जीव निघाले. मसाल्याचं दगडफूल नव्हे, दुसऱ्या जाती, सालीला रंगासारख्या घट्ट चिकटलेल्या. मे महिना होता, पारा पंचेचाळीसला टेकलेला, चट्टे नखाने कुस्करले तर पूड व्हावी असे कोरडे. जाऊबाईने तांब्यातलं पाणी एका चट्ट्यावर ओतलं. आम्ही पाहता पाहता, दोन-तीन मिनिटांत, तो करडा चट्टा हिरवा झाला. पाणी मिळालं की वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल दिसू लागतं. महिनोन्‌महिने मेल्यासारखं पडून राहायचं आणि पाण्याच्या तांब्याबरोबर उठून कामाला लागायचं. जटामांसी बर्फाखाली कंदात जीव साठवून ठेवते. हे काहीच साठवत नाही, सरळ वाळून जातं आणि वाट पाहतं. आमच्या उन्हाळ्यात जटामांसी एक दिवस टिकणार नाही. हा जीव मात्र आमच्याच बुंध्यावर पिढ्यान्‌पिढ्या बसून आहे आणि आम्ही त्याला खरवडत होतो.

तो झाडाचं काही खात नाही. साल त्याला बसायला लागते एवढंच. हे यांना पटायला दोन आठवडे लागले. डिंक्यासाठी, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगासाठी, बोर्डो पेस्ट लावायलाच हवी, १ किलो मोरचूद (तांब्याचा क्षार), १ किलो चुना, १० लिटर पाणी, त्यात तडजोड नाही, आणि त्या मोरचुदाने खालच्या बुंध्यावरचे चट्टे मरतातच. पण वरच्या फांद्यांवरचे चट्टे तारेच्या ब्रशने घासायचं यांनी बंद केलं. सालीला जखमा होत होत्या त्याही थांबल्या.

एक सूचना मनापासून करते. हे वाचून कुणी आपल्या झाडावरचं खरवडून मसाल्यात टाकू नका. मी काकांना तेच विचारलं होतं, घरचंच का वापरू नये म्हणून. ते नुसतं "नोका" म्हणाले. त्यामागचं कारण जाऊबाईने सांगितलं. मुळं नसल्यामुळे हे जीव हवेतलं आणि पाण्यातलं सगळं अंगात ओढून घेतात, तांबंसुद्धा, शिसंसुद्धा. शहरातल्या धुराच्या हवेत बऱ्याच जाती मरतात त्या याचमुळे. हवा किती स्वच्छ आहे हे शास्त्रज्ञ यांच्यावरून ओळखतात. आमच्या बागेत फवारणी होते, मोरचूद लागतो. ते सगळं त्या चट्ट्यात आहे.

मला आता एक जागा पाहायची आहे. उत्तराखंडात मुनस्यारीला वनखात्याने २०२० साली या जीवांचं उद्यान केलं आहे, देशातलं पहिलं. मसाल्याचं दगडफूल जिवंत असताना सालीवर कसं दिसतं ते मी अजून पाहिलेलं नाही. तिथून वर कुठेतरी जटामांसीचे माळही असतील. गटातल्या चौघी तयार आहेत, पैसे जमले की जाऊ.

या दिवाळीच्या तेलासाठी गेल्या आठवड्यात पुन्हा परतवाड्याला गेले. जटामांसीचा खण रिकामा होता. काका म्हणाले, या वेळचा माल मिसळलेला आला, परत केला. शेजारच्या गल्लीत मिळेल का विचारलं, तर म्हणाले, "भेटन, पण तोच भेटन." मग त्यांनी वाळ्याची जुडी काढली आणि म्हणाले, हे आपल्याच नदीनाल्याच्या काठचं आहे, गवताची मुळी, लावली की पुन्हा येते. मी दोन जुड्या घेतल्या, २०० ग्रॅम दगडफूल घेतलं, रुंद पानांचं, काकांनी माझ्यासमोर चाळून दिलेलं. वाळ्याचं तेल तीन दिवसांपूर्वी काढलं. जटामांसीचा दरवळ त्याला नाही, थंड, हिरवा वास आहे. सिस्टरनी एक बाटली नेली. बाकीच्या बाटल्यांसाठी जाऊबाई नवी लेबलं लिहिते आहे, आणि या वेळी प्रत्येकीवर तारीखही टाकते आहे.